डावा कोपरा

८ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे पाच वाजता पाचगणीखालच्या आमच्या घरात दोन माणसं जागी होती. एक मी. आमच्या अमेरिकन क्लायंटच्या टीमने आठवडाभर 'या वेळी तरी सुपर बोल बघ' म्हणून पिच्छा पुरवला होता, आणि लॉकडाऊनपासून मी गावाकडूनच काम करत असल्यामुळे टाळायला कारण नव्हतं. दुसरे काका. फेब्रुवारीत स्ट्रॉबेरीची तोडणी ऐन भरात असते, आणि ती उन्हाच्या आधी उरकावी लागते. ते चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे राहिले. पाय जमिनीवर टेकवताना डाव्या गुडघ्याला जरा बाहेर फेकायची त्यांची सवय आहे, त्यामुळे ते आले की न बघताही कळतं.

लॅपटॉपवर कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध टॅम्पा बे बकेनिअर्स. मला नियम जेमतेम माहीत होते. काकांना शून्य. मी एवढंच सांगितलं, की हा पॅट्रिक माहोम्स, सध्याचा सगळ्यात भारी खेळाडू, चेंडू फेकतो. समोरचे त्याला पाडायला येतात. आणि ही पाच आडदांड माणसं त्यांना अडवतात. काकांनी कप संपेपर्यंत पाहिलं. माहोम्स चेंडू घेत होता आणि घेतल्या घेतल्या मागे पळत होता. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग अजून मागे.

"ह्याला कोपरंच न्हाईत की रं," काका म्हणाले. "मधली तिघं बरी हायत. कडंची दोघं नवी दिसत्यात."

मी फोनवर शोधलं. कडेची दोघं नवीच होती.

आमच्या गावात त्यानंतर कुणालाही सांगितलेली ही गोष्ट 'काकांनी अमेरिकन फुटबॉल ओळखला' अशी कौतुकाची ठरली. माझ्या डोक्यात मात्र ती दुसऱ्याच कारणाने राहिली. काकांना ते दिसलं, कारण ते स्वतः गावच्या कबड्डी संघात डावा कोपरा खेळायचे. त्यांचा गुडघा १९९५च्या जानेवारीत गेला, आणि त्या वर्षी आमचा संघ का बसला याची गावात जी कथा सांगितली जाते तिच्यात त्यांचं नावच नाही.

*

आधी त्या पहाटेचं पुरं करतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाच्या अकरांपैकी पाच जणांची एक भिंत असते. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि सगळ्यात बाहेर दोन टॅकल. यांच्यातला फक्त सेंटर चेंडूला हात लावतो, तोही मागे देण्यापुरता. बाकीच्यांनी समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला साधारण तीन सेकंद थोपवायचं, बस्स. त्या तीन सेकंदांत मागचा क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि पेपरात फोटो त्याचा येतो. या पाच जणांच्या नावावर लिहायला अधिकृत आकडेवारीच नसते. ते चुकले तरच त्यांचं नाव घेतलं जातं.

चीफ्सनी त्या मोसमात १६ सामन्यांपैकी १४ जिंकले होते. पण भिंत मोसमभर ढासळत होती. उजवा गार्ड लॉराँ दुव्हर्ने-टार्डिफ हा पदवीधर डॉक्टर. कोव्हिड आला तेव्हा त्याने मोसमच सोडला आणि तो माँट्रिअलजवळ वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला गेला. (या माणसावर कुणीतरी मराठीत स्वतंत्र लेख लिहायला हवा.) उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ ऑक्टोबरमध्ये पाठीच्या दुखण्याने बाहेर गेला तो परतलाच नाही. तरीही संघ जिंकत राहिला. मग २४ जानेवारीला, अंतिम सामन्याच्या अलीकडच्याच सामन्यात, डावा टॅकल एरिक फिशरच्या टाचेचा स्नायुबंध फाटला.

इथे खरी गंमत सुरू होते. फिशर एकटा गेला, पण जागा तीन बदलल्या. उजव्या बाजूला खेळणारा माइक रेमर्स डावीकडे आणला. त्याच्या जागी गार्ड अँड्र्यू वायली. वायलीच्या जागी राखीव स्टेफन विस्नेव्स्की. पाचातले तीन जण आपापल्या सवयीच्या जागेवर नव्हते, आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या शेजारी नवी माणसं होती. त्या सामन्यात माहोम्सवर २९ वेळा दबाव आला; सुपर बोलच्या इतिहासात तेवढा कुणावर आला नव्हता. चीफ्स ९-३१ असे हरले. एकही टचडाउन नाही.

दुसऱ्या दिवशी क्लायंटच्या कॉलवर माहोम्सचंच नाव सगळ्यांच्या तोंडी. तो कसा खेळला, कसा खेळायला हवा होता. मार्चमध्ये बातमी आली, फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही संघाने एकाच दिवशी मोकळं केलं. फिशर हा २०१३च्या निवडीत देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. मी ती बातमी काकांना सांगितली. ते फवारणीचा पंप धूत होते. "मग? तुटलेला बैल कोण ठेवतंय," एवढंच म्हणाले, आणि पंप धूत राहिले.

*

आता कबड्डी. वाचकांपैकी अनेकांनी ती टीव्हीवर पाहिली असेल, पण चढाईपटूच्या मागे कॅमेरा धावतो म्हणून साखळी नीट दिसत नाही.

सात जण बचावाला उभे असतात. दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरा. त्यांच्या आत एकेक 'इन', मग दोन कव्हर, आणि मध्ये सेंटर. प्रत्येकाचा हात शेजाऱ्याच्या हातात. चढाईपटू आला की ही साखळी त्याच्याभोवती दारासारखी उघडते आणि बंद होते. कोपऱ्याचं काम सगळ्यात मागचं आणि सगळ्यात धोक्याचं. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा कोपरा वाकून त्याचा घोटा धरतो. धरला की पुढच्या क्षणाला कव्हरने धडक द्यायची. कोपरा चुकला तर कव्हर धावून येतो तो रिकाम्या जागेत. कव्हर उशिरा आला तर कोपऱ्याच्या अंगावर आख्खा माणूस पडतो, आणि बहुतेक वेळा तो गुडघ्यावरच पडतो.

म्हणजे कोपरा आणि कव्हर ही दोन माणसं नसतात, एक यंत्रणा असते. तिला जुळायला दोन-तीन मोसम लागतात. काका सांगतात, त्यांचा कव्हर धडक द्यायच्या आधी हाताचं बोट दाबायचा. ते बोट दाबलं गेलं की यांनी झेप घ्यायची. दुसऱ्या कुणाचा हात हातात आला की बोट केव्हा दाबलं जाईल ते कळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट नियमांतच आहे आणि ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात हुतूतूचे तीन प्रकार होते. 'अमर'मध्ये बाद झालेला खेळाडू मैदानातच राहायचा, फक्त समोरच्याला गुण मिळायचा. 'गामिनी'त बाद झालेला बाहेर गेला की गेला, सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत परत यायचं नाही. आणि 'संजीवनी'त समोरचा एक बाद झाला की आपला एक उठून आत यायचा. या प्रकारांना एका चौकटीत बसवायच्या प्रयत्नांच्या इतिहासात १९१८ साल आणि आमचं सातारा यांचं नाव येतं, म्हणून जिल्ह्यातला कुठलाही कबड्डीचा निवेदक पहिल्या पाच मिनिटांत ते सांगतोच. १९२३मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याकडे नियमांची सूत्रं आली आणि तिथे अखिल भारतीय स्पर्धा झाली. १९३६मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला. १९५०मध्ये अखिल भारतीय महासंघ, १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत प्रात्यक्षिक, १९९०मध्ये बीजिंगला पदक. बुवा साळवींसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्य घातलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. हा सगळा इतिहास सांगून झालेला आहे, मी तो पुन्हा सांगत बसत नाही.

मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. तीन प्रकारांतून जिंकला तो संजीवनी. आज आपण जी कबड्डी पाहतो तिचा कणा तोच आहे.

याचा अर्थ असा. तुमचा हुकमी चढाईपटू पकडला गेला, तो बाहेर जाऊन बसला. तो परत कसा येणार? एक तर दुसऱ्या चढाईपटूने गुण आणला तर. नाही तर तुमच्या साखळीने समोरच्या चढाईपटूला धरलं तर. गावच्या संघात हुकमी चढाईपटू एकच असतो, दुसरा असतो तो नावाला. म्हणजे चढाईपटूला जिवंत करणारं औषध साखळीच्या हातात. साखळी कच्ची झाली की दिसायला काय दिसतं? चढाईपटू बाहेर बाकावर बसलेला दिसतो. लोक म्हणतात, याचा फॉर्म गेला.

आम्ही कामावर ज्याला 'मूळ कारण' म्हणतो ते नेहमी असंच दुसरीकडे लपलेलं असतं. ज्या ठिकाणी सिस्टिम बंद पडलेली दिसते तिथे ती बिघडलेली नसते.

*

गावची कथा अशी आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या मंडळाचा संघ वाई, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत नावाजलेला होता. हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि यात्रांच्या दिवसांपर्यंत चालायचा. ट्यूबलाइटच्या उजेडात, मातीच्या मैदानावर सामने. आमच्याकडची माती म्हणजे जांभ्याचा लाल भुगा. चाळून, पाणी मारून, शेणाने सारवूनही खालून खडा वर येतोच. वर टेबललँडच्या बाजूला पाचगणीच्या निवासी शाळांतली मुलं फुटबॉल खेळायची. आमच्या गावातले लोक त्या शाळांत स्वयंपाकी, माळी, पहारेकरी म्हणून जायचे आणि संध्याकाळी उतरून खाली कबड्डीला उभे राहायचे. पाचगणी म्हटलं की फ्रेडी मर्क्युरी आठवणाऱ्यांना हा भाग ठाऊक नसतो.

आमचा चढाईपटू जबरदस्त होता असं सगळेच सांगतात. मग तो माथाडीच्या कामाला वाशीला गेला आणि संघ बसला. संपली कथा. ती खोटी वाटायचं कारणही नाही, कारण सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या प्रत्येक गावाची कुठली तरी कथा मुंबईला जाण्यानेच संपते. आधी गिरण्या होत्या. १९८२च्या संपानंतर त्या संपल्या. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे आणि अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेमुळे बाजारातल्या हमालीला काही भाव आला, आणि पाटण-जावळीकडची माणसं तिकडे वळली. शेतात पोट भरत नसलेला धिप्पाड मुलगा वाशीला जाणार हे ठरलेलंच असायचं. जाताना तो गावाची कबड्डीही घेऊन जायचा. लालबाग-परळच्या व्यायामशाळांतल्या कबड्डीचं रक्त अर्धं आमच्याकडचंच.

त्या पहाटेनंतर मला काकांच्या त्या मोसमाबद्दल कुतूहल वाटायला लागलं. काका स्वतः काही सांगत नाहीत. विचारलं तर "खेळायचो आपलं" म्हणतात. मग मी मंडळाच्या कपाटातली जुनी खर्चाची वही मागून घेतली. तिच्यात सामन्यांचे निकाल नाहीत, कुठल्या संघाला हरवलं तेही नाही. आहे ते फक्त खर्चाचं: प्रवेश फी, जीपभाडं, चहा, वडापाव, आयोडेक्स, चुना. तारखेसकट. खाली कप्तानाची सही. कप्तान म्हणजे आमचा तो चढाईपटू.

पहिल्यांदा वही निरुपयोगी वाटली. मग लक्षात आलं की हा लॉग आहे, आणि लॉग वाचणं हेच माझं पोटापाण्याचं काम. ज्या स्पर्धेत संघ पहिल्याच फेरीत हरला तिथे एकाच संध्याकाळचा चहा असणार आणि त्याच रात्रीचं जीपभाडं. जिथे उपांत्य फेरी गाठली तिथे दुसऱ्या दिवसाचं जेवण लागणार. जिथे अंतिम सामना जिंकला तिथे हार, गुलाल आणि परतीच्या वाटेवर जास्तीचा खर्च. एवढं कळल्यावर वही बोलायला लागली.

दिवाळीपासून जानेवारीपर्यंत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दोन दिवसांचा खर्च आहे. दोनदा गुलाल. मग जानेवारीत एका ओळीत 'दवाखाना' आणि त्याच्यापुढे काकांचं नाव. तिथून पुढे सलग एकाच संध्याकाळचा चहा. पान उलटलं तरी तेच. आणि प्रत्येक नोंदीखाली त्याच कप्तानाची सही आहे, होळीपर्यंत. होळीनंतर सही बदलते.

म्हणजे चढाईपटू वाशीला गेला तो संघ बसल्यानंतर. मधल्या दोन महिन्यांत तो रोज मैदानावर होता आणि संघ रोज पहिल्याच फेरीत हरत होता.

*

काय झालं असेल ते जुळवायला मी त्या वेळच्या तिघा-चौघांशी बोललो. काकांच्या जागी उजव्या कव्हरला आणलं, कारण त्याला घोटा धरता यायचा. त्याच्या जागी 'इन'ला उभा राहणारा चढाईपटू कव्हरला सरकला. तो ताकदीचा होता, त्यामुळे वाईट निर्णय म्हणता येणार नाही. राखीव मुलगा इनला आला. एक गुडघा, तीन जागा. सुपर बोलमध्ये झालं त्याचीच प्रत.

पण कबड्डीत एक जादा भुर्दंड बसतो. फुटबॉलमध्ये भिंत वेगळी आणि चेंडू फेकणारा वेगळा. कबड्डीत चढाई करून आलेला माणूस परत येऊन साखळीत उभा राहतो. पूर्वी आमचा चढाईपटू चढाई करून इनला उभा राहिला की कोपऱ्याचा हात धरून दम खायचा. आता त्याला स्वतः धडक द्यावी लागायची. दुसऱ्या डावात तो थकलेला असायचा, पकडला जायचा, आणि बाहेर बसल्यावर त्याला उठवणारी पकड होत नव्हती. "त्या वर्षी गडी निस्ता बाहेरच बसलेला असायचा," असं एकाने मला सांगितलं, त्याच्याविषयी तक्रार म्हणून.

पुढे प्रो कबड्डी आल्यावर हेच मोठ्या पैशांत पाहायला मिळालं. २०१४पासूनच्या पहिल्या तिन्ही मोसमांत यू मुंबा अंतिम फेरीत होता. अनुप कुमारचं नाव घराघरांत पोचलं आणि ते योग्यच होतं. पण त्या संघाच्या दोन कोपऱ्यांना सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर असायचे, आणि आत जीवा कुमार, विशाल माने. २०१६च्या चौथ्या मोसमाआधी लिलाव झाला. मोहित ५३ लाखांना बेंगळुरूने घेतला, नाडाही तिकडेच. अनुप मुंबईतच राहिला. यू मुंबा त्या मोसमात पहिल्यांदाच उपांत्य फेरीला मुकला.

ती दुखापत नव्हती, लिलाव होता, हे मान्य. पण साखळीला काय फरक पडतो? माणूस मेनिस्कस फाटून गेला काय आणि चेक घेऊन गेला काय, हातातला हात सुटतोच.

दुखापतीचं उदाहरण हवं तर पुणेरी पलटणचं घ्या. २०२२च्या मोसमात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे त्यांचे दोन मुख्य चढाईपटू बाद फेरीच्या तोंडावर जायबंदी झाले. सगळ्यांनी पुण्याचा नाद सोडला. पण डाव्या कोपऱ्यात कप्तान फझल अत्राचली उभा होता. पंकज मोहितेने उपांत्य सामन्यात एकट्याने १६ गुण आणले आणि पुणे अंतिम फेरीत गेलं, जयपूरशी २९-३३ हरलं. पुढच्या मोसमात त्याच कोपऱ्यात २ कोटी ३५ लाखांचा मोहम्मदरेझा शादलुई आला आणि पुण्याने विजेतेपद मिळवलं. त्यानंतरच्या मोसमात शादलुई हरियाणाकडे गेला. अस्लमचा गुडघा ऐन मोसमात दुखावला. या वेळी मात्र पुणे बाद फेरीपर्यंतही पोहोचलं नाही. २९ डिसेंबर २०२४ला बालेवाडीत, पुण्याच्याच मैदानावर, शादलुईच्या हरियाणाने करंडक उचलला.

एवढ्यावरून सिद्धांत मांडला तर माझा मॅनेजर मला हसेल. नमुना लहान आहे, शिवाय उलटी उदाहरणंही आहेत. २०२१-२२मध्ये आपला चंदगडचा सिद्धार्थ देसाई तीन सामन्यांनंतर खांद्याच्या दुखापतीने बाहेर पडला आणि तेलुगू टायटन्सना २२ सामन्यांत एकच विजय मिळाला. चढाईपटू गेल्यानेही संघ बुडतो. फरक इतकाच, की सिद्धार्थ गेल्यावर का बुडाले हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अमेरिकेत या अदृश्यतेची किंमत कळायला एक पाय मोडावा लागला. १८ नोव्हेंबर १९८५ला लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइसमनला पाडलं. पाय नडगीतून मोडला, देशभरच्या टीव्हीवर. थाइसमन पुन्हा कधी खेळला नाही. मायकेल लुईसने या प्रसंगावरून 'द ब्लाइंड साइड' हे पुस्तक उभं केलं, आणि त्यात तो एक बारीक गोष्ट सांगतो: वॉशिंग्टनचा नेहमीचा डावा टॅकल जो जेकोबी त्या रात्री दुखापतीमुळे खेळत नव्हता. थाइसमनचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या काळात डाव्या टॅकलला क्वार्टरबॅकच्या खालोखाल पैसे मिळायला लागले. आपल्याकडे कोपऱ्याला दोन कोटी मिळायला २०२३ उजाडावं लागलं, आणि ते इराणी माणसाला मिळाले, ही गोष्ट मला थोडी लागते.

*

काकांच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. त्यांना एका कंपनीच्या संघाकडून चाचणीला बोलावणं आलेलं होतं. त्या काळात चांगल्या कबड्डीपटूला रेल्वे, पोलीस, बँका, कारखाने नोकरी द्यायचे. गावाकडच्या मुलासाठी तीच खरी बक्षिसाची रक्कम. चाचणी फेब्रुवारीत होती. जानेवारीत कव्हर एक पाऊल उशिरा आला. आधी हाडवैद्य झाला, मग तेल, मग एका दवाखान्यात 'मुरगळलंय' म्हणून पट्टी. लिगामेंट तुटल्याचं निदान झालं ते २०१९मध्ये, मी पुण्यात नोकरीला लागल्यावर आग्रहाने एमआरआय करवून घेतला तेव्हा. डॉक्टरांनी फिल्म बघून विचारलं, "एवढी वर्षं चाललात कसे?" काका म्हणाले, "चढावर त्रास होत न्हाई. उतारावर होतो." पाचगणीत चढ-उतार सोडून दुसरं काय आहे?

चढाईपटूचा नंबर मला शेवटी त्याच्या भाच्याकडून मिळाला. ते आता कोपरखैरण्याला असतात, मुलगा टेम्पो चालवतो. मी ओळख सांगितली, वहीबद्दल सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"तुझ्या काकाचा गुडघा गेला त्याच दिवशी आम्ही गेलो होतो," ते म्हणाले. "नंतरचं सगळं निस्तं जीपभाडं. मी बाहेर बसलेला असायचो आणि बघायचो, डावीकडनं कोण बी आत शिरतंय. गावात आलो की लोक म्हणायचे, तू गेलास म्हणून संघ मोडला. मला बरं वाटायचं, काय खोटं सांगू. मी बी कधी म्हणलं न्हाई, की तसं नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "बोट दाबायचा तो कव्हर आहे का अजून?"

कव्हर वारले, पाच-सहा वर्षं झाली. मी तसं सांगितलं.

रात्री जेवताना काकांना हे सगळं सांगितलं. वहीचं, जागा सरकल्याचं, फोनचं. काकू भाकरी थापता थापता ऐकत होत्या. काकांनी ताटातलं संपवलं, पाणी प्यायले, आणि उठताना नेहमीसारखा हात जमिनीला टेकवून डावा पाय आधी सरळ केला.

"नंबर दे त्याचा," म्हणाले. "आता झोपला असंल. सकाळी लावतो."